एका इंजिनाच्या निमित्ताने

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात पावसाळ्यात अंतर किलोमीटरांत मोजून भागत नाही; ते नाल्यांत मोजावे लागते. ‘पुढचे गाव किती लांब?’ असे विचारले, तर ‘मध्ये दोन नाले आहेत’ असे उत्तर मिळते आणि ते उत्तर नकाशापेक्षा अधिक खरे असते. १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, त्या काळात पावसाळ्याचे कित्येक महिने तो परिसर बाहेरच्या जगापासून तुटलेला असे. पुढे १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला, रस्ते आले, काही पूल आले. तरी नद्यांनी आपला हक्क पुरता सोडलेला नाही. अशा मुलखात चारचाकी गाडी ही चैनीची वस्तू राहत नाही. आजारी माणूस आणि दवाखाना यांच्यामधला तो अनेकदा एकमेव दुवा असतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आलापल्लीच्या पलीकडील एका लहानशा केंद्रावर माझी नेमणूक होती. केंद्राची एक जुनी डिझेल जीप होती. कागदोपत्री ती संस्थेच्या मालकीची. व्यवहारात ‘फादरची जीप’. तिच्यातून धान्याची पोती जात, वसतिगृहातील मुले जात, वऱ्हाडही जाई. आणि अडल्यानडल्या वेळी रुग्ण जात.

त्या वर्षीच्या जुलै महिन्यात एका पाड्यावरून रात्री बोलावणे आले. एक माडिया तरुणी दोन दिवस प्रसूतीच्या वेदनांनी तळमळत होती. तिला, तिच्या नवऱ्याला आणि सासूला घेऊन मी निघालो. पहिला नाला ओलांडला. दुसऱ्या नाल्याच्या चढावर इंजिनातून लोखंडावर घण घालावा तसा आवाज येऊ लागला, आणि क्षणार्धात ते जागच्या जागी थांबले. पुन्हा चावी फिरवली, ढकलून पाहिले. काही उपयोग झाला नाही. जवळच्या वस्तीवरून माणसे आली, त्यांनी बाजेला बांबू बांधले आणि उरलेले अकरा किलोमीटर तिला खांद्यावरून नेले. ती वाचली. तिचे मूल वाचले नाही. मूल कदाचित त्याआधीच दगावले असावे, असे डॉक्टरांनी मला नंतर सांगितले. त्या ‘कदाचित’च्या आश्रयाला मी पुष्कळ वेळा गेलो आहे, तेथे मला फार काळ राहता आलेले नाही.

कारण एक गोष्ट मी त्या रात्री कोणालाही सांगितली नव्हती. तेलाच्या दाबाचा लाल दिवा आठवडाभर अधूनमधून लागत होता. मी तो पाहत होतो. ‘वायर सैल झाली असेल’ अशी माझी मीच समजूत घातली होती.

या एका दिव्यातून उभा राहिलेला प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. एखादी वस्तू ‘आपली’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणत असतो? ती विकत घेतली, तिच्या कागदांवर आपले नाव आहे, ती वापरण्याचा आपल्याला अधिकार आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो काय? की तिच्याबद्दल उत्तर देण्याची तयारी हाही ‘आपलेपणा’चाच भाग आहे? आणि असल्यास, जी वस्तू आपण कधी उघडूनच पाहिली नाही तिच्याबद्दल आपण कोणते उत्तर देणार?

जीप बैलजोडी लावून ओढत आणली. आता दोन मार्ग होते. एका हितचिंतकाने पैसे देऊ केले होते. इंजिन चंद्रपूरला किंवा नागपूरला पाठवून तयार करून आणता आले असते. दुसरा मार्ग आमच्या जवळच होता. चार-पाच गावांनी मिळून एका पडक्या गोदामात सामायिक कार्यशाळा चालवली होती. पंप, सायकली, भात भरडण्याचे यंत्र, असे काहीही बिघडले की ज्याचे त्याने तेथे आणावे, सर्वांची अवजारे वापरावीत आणि स्वतः दुरुस्त करावे, अशी तेथली रीत. देखरेखीला कोळसा खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री होते. सगळे त्यांना ‘काका’ म्हणत. झाडीपट्टीतील माणूस, बोलणे मोजके.

त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली आणि मला विचारले, “फादर, दिवा लागत होता का नाई?”

“लागत होता.”

“मंग?”

या ‘मंग’ला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सेमिनरीत तत्त्वज्ञानाची आणि ईशज्ञानाची मिळून सात वर्षे काढली. इतक्या लहान प्रश्नाने मला कोणी निरुत्तर केले नव्हते. इंजिन तेथेच, स्वतःच्या हातांनी बांधायचे असे मी त्याच दिवशी ठरवले.

आमच्याकडे मिस्त्री लोक इंजिन ‘खोलतात’ आणि ‘बांधतात’. इंजिनातील दट्टे, म्हणजे पिस्टन, वर-खाली होतात. त्यांची ती हालचाल क्रँकशाफ्ट नावाच्या वाकड्यातिकड्या दांड्यामुळे गोल फिरण्यात बदलते. हा दांडा ज्या पट्ट्यांमध्ये फिरतो त्या बेअरिंगच्या. दांडा आणि पट्टी यांच्यामध्ये केसाच्या जाडीएवढीही फट नसते आणि त्या फटीत दाबाखाली तेलाचा पापुद्रा असतो. तो आहे तोवर लोखंड लोखंडाला शिवत नाही. तो नाहीसा झाला की काही मिनिटांत सारे संपते. बेअरिंगच्या पट्टीवरचा धातू मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. घासायची वेळ आलीच तर महागड्या दांड्याऐवजी त्या पट्टीने झिजावे, अशी ती योजना.

साखळीच्या कप्पीने इंजिन उतरवले, खालची तेलाची टाकी सोडली, तेव्हा कारण समोर आले. तेल शोषून घेणाऱ्या पंपाची जाळी काळ्या, घट्ट गाळाने पुरती बुजली होती. तेल महिनोन् महिने बदललेलेच नव्हते. तिसऱ्या पिस्टनच्या बेअरिंगची पट्टी वितळून दांड्याला चिकटली होती. काकांनी ती पान्याच्या टोकाने सोडवून माझ्या तळहातावर ठेवली. आमच्या केंद्रात बाप्तिस्म्यांची नोंदवही होती, विवाहांची होती, धान्याच्या प्रत्येक पायलीची होती. जीपचे तेल केव्हा बदलले याची नोंद कोठेही नव्हती. तेल बदलावे लागते हे मला ठाऊक होते. ज्ञानाचा अभाव होता असे म्हणता येणार नाही. अभाव होता तो लक्षाचा. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल हिने १९३४-३५ मध्ये पॅरिसच्या कारखान्यांत, त्यांपैकी काही काळ रेनो मोटारींच्या कारखान्यात, मजूर म्हणून काम केले होते. माणसाचे अवधान हीच प्रार्थनेची मूळ सामग्री आहे, असा विचार तिने पुढे मांडला. मी तो सेमिनरीत वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. तो मला कळला मात्र त्या जाळीवरचा गाळ खरवडताना.

माझ्या या उद्योगावर एका ज्येष्ठ धर्मगुरुबंधूंनी प्रेमाने पण स्पष्ट आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे : ‘ज्याचे काम त्याने करावे. शहरातला कारागीर हे आठ दिवसांत आणि तुमच्यापेक्षा चांगले करील. तुम्ही दीड-दोन महिने ग्रीसमध्ये हात घालून बसाल, तेवढ्या काळात किती घरांना भेटी राहतील, किती आजारी माणसे वाट पाहतील? हा पश्चात्ताप आहे की पश्चात्तापाची चैन?’

हा आक्षेप हलका नाही. श्रमविभागणीवाचून कोणताही समाज चालत नाही. प्रत्येकाने आपली विहीर खणावी, आपले कापड विणावे आणि आपले इंजिन बांधावे असे म्हणणे हा भाबडेपणा होय. ‘संत पौल तंबू शिवत असे’ हे उत्तर मी त्यांना दिले; पण ते पुरेसे नव्हते, कारण पौलाचा तो व्यवसायच होता आणि मी नवशिका होतो. आज विचार करताना मला वाटते, की दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. कौशल्य मोबदला देऊन मिळवता येते आणि तसे मिळवण्यात कमीपणा नाही. उत्तरदायित्व मात्र मोबदला देऊन दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. ज्या वस्तूच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव आपण गाडीत घेतो, ती वस्तू आपल्याला स्वतः बांधता आली नाही तरी चालेल; पण ती काय मागते आणि केव्हा मागते, एवढे ठाऊक असलेच पाहिजे. मला ते शहरातून तयार होऊन आलेल्या, रंग दिलेल्या इंजिनाने शिकवले नसते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ या १९८१ च्या परिपत्रात श्रमाकडे पाहण्याची जी दृष्टी दिली, तिचा गाभाही हाच आहे : कामाचे मोल केवळ तयार झालेल्या वस्तूवरून ठरत नाही, काम करणारा माणूस त्या कामातून काय होतो, यावरून ते आधी ठरते.

‘स्वतः’ या शब्दाविषयीही मला त्या गोदामात पुनर्विचार करावा लागला. आमच्या या विदर्भाच्या मातीत स्वावलंबन हा परिचयाचा शब्द आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामला राहिले आणि १९३७ च्या वर्धा परिषदेतून हाताच्या कामाभोवती शिक्षण उभारण्याची नयी तालीमची कल्पना पुढे आली. चंद्रपूर जिल्ह्यातच वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन करून आनंदवन उभे केले. ज्यांना समाजाने भिकेवर सोडले होते, त्यांच्या हातांना तेथील शेतीत आणि कार्यशाळांत काम मिळाले. दानाने माणूस खचतो आणि कामाने उभा राहतो, ही बाबांची श्रद्धा सर्वज्ञात आहे. पण ज्यांची बोटे रोगाने झडली आहेत त्यांचे स्वावलंबन म्हणजे एकट्याने सारे करणे असूच शकत नाही. एकाने धरायचे, दुसऱ्याने ठोकायचे, हाच तेथला मार्ग. आमचेही तसेच झाले. इंजिनाचा नुसता ठोकळा हलवायला चार तरुण लागत. दांडा घासून घेण्यासाठी चंद्रपूरच्या लेथवर पाठवावा लागला. बेअरिंग कोठल्यातरी कारखान्यात, कोणातरी अनोळखी हातांनी घडवलेल्या. मी ‘स्वतः’ काय केले? झडपा त्यांच्या बैठकींवर पेस्ट लावून हाताने घासल्या, पिस्टनच्या कड्या बसवल्या, बोल्ट आवळले. तेही काकांच्या नजरेखाली. कारण वरचे झाकण, म्हणजे हेड, मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूंकडे, थोडे थोडे करीत तीन फेऱ्यांत आवळावे लागते. एकच बोल्ट पहिल्याच झटक्यात पूर्ण आवळला, तर सगळे झाकण वाकडे बसते.

सामायिक अवजारांचा प्रश्न मात्र याहून कठीण होता. जे पुष्कळांचे असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते, हा आक्षेप ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रात नोंदवून ठेवला आहे, आणि सार्वजनिक नळाखाली उभ्या राहिलेल्या कोणालाही तो पटेल. आमच्या कार्यशाळेत भिंतीवर एक फळी होती. प्रत्येक पान्याची आकृती तिच्यावर रंगवलेली. पाना नसला की नुसती आकृती दिसे. खाली वही ठेवलेली. नेताना नाव लिहायचे, आणताना पुसून जागेवर लावायचे.

एके दिवशी फीलर गेज नाहीसे झाले. झडपेची फट मोजण्याचे हे पातळ पट्ट्यांचे साधन. त्यावाचून काम अडले. वहीत कोणाचेच नाव नव्हते. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांत एक अबोल माडिया मुलगा होता. आदल्या संध्याकाळी सर्वांत शेवटी तोच तेथून निघाला होता. मी तोंडाने काही बोललो नाही. पण दोन दिवस मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर त्याला कळल्यावाचून राहिली नसणार. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, मी रेनकोट अंगावर घेतला, खिशात हात घातला आणि हाताला ते गेज लागले. वहीत सही न करता ते मीच नेले होते. नियम माझ्यासाठी नाही, असे मनाच्या कोठल्यातरी कोपऱ्यात मी धरून चाललो होतो. सर्वांसमोर मी त्या मुलाची क्षमा मागितली. तो हसला आणि ‘पट्ट्या पुसून ठेवा, गंजतील’ एवढेच म्हणाला.

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठनियमाचे बत्तिसावे प्रकरण मठातील अवजारांविषयी आहे. कोणाकडे काय दिले याची यादी मठाधिपतीने ठेवावी आणि निष्काळजीपणा करणाऱ्याला समज द्यावी, असे ते सांगते. त्याआधीच्या प्रकरणात तर मठाची सारी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांप्रमाणे मानावीत असे म्हटले आहे. तरुणपणी मला ही यादीची गोष्ट फार कारकुनी वाटली होती. आता कळते, की वस्तू सर्वांची असली तरी जबाबदारी सर्वांची असून चालत नाही. ती त्या त्या वेळी एका नावावर असावी लागते. संत थॉमस अक्वायनस यांनीही मालमत्तेच्या प्रश्नात असाच भेद केला : वस्तू मिळवण्याचा आणि सांभाळण्याचा अधिकार एकेकाला असू शकतो, पण तिच्या वापराच्या बाबतीत माणसाने ती सर्वांची समजावी आणि गरजवंताला देण्यास तयार असावे. हे केवळ ग्रंथांतले राहिलेले नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. जे गाव सर्वसहमतीने निर्णय घेते, अभ्यासगट चालवते आणि आपल्या जंगलाचा हिशेब ठेवते, त्या गावाने ॲरिस्टॉटलच्या आक्षेपाला दिलेले उत्तर माझ्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा वजनदार आहे.

तिसऱ्या आठवड्यात त्या तरुणीचा नवरा कार्यशाळेत आला. आपल्या गावचा पंप घेऊन तो आला होता. आमचे काम चाललेले पाहून तो थांबला, आणि इंजिन परत चढवण्याच्या दिवशी पुन्हा आला. कप्पीची साखळी त्याने ओढली. त्या रात्रीविषयी तो बोलला नाही; मीही बोललो नाही. दिव्याची गोष्ट मी त्याला सांगितली ती पुष्कळ दिवसांनी, त्याच्या घरी जाऊन. त्याने ऐकून घेतले. सासूबाईंनी पाणी आणून दिले. त्याने क्षमा केली की नाही, हे मी त्याला विचारले नाही. ते विचारण्याचा अधिकार मला होता असे आजही वाटत नाही.

येथे एक भेद नीट पाहिला पाहिजे. दुरुस्ती आणि प्रायश्चित्त एक नव्हेत. बेअरिंग नवी बसवता येते; दांडा घासून पुन्हा गुळगुळीत करता येतो. घडलेली रात्र घासून काढता येत नाही. इंजिन सुरू झाले, चौघे तरुण ओरडले, काकांनी कान लावून आवाज ऐकला आणि मान हलवली, तेव्हा आनंद झाला हे मी नाकारत नाही. पण कर्ज फिटले असे मला वाटले असते, तर ते सारे श्रम वाया गेले असते. दुरुस्तीच्या हाती एवढेच असते, की पुढच्या प्रवासाला निघणारा माणूस आधीच्यापेक्षा अधिक जागा असावा. नवे बांधलेले इंजिन पहिले काही शे किलोमीटर हळू, ओझे न लादता चालवावे लागते. तेवढा काळ मी रोज सकाळी पट्टी काढून तेल पाहिले, वहीत लिहिले. आणि पुढे ती सवय सुटली नाही.

ती जीप आता भंगारात गेली आहे. काका हयात नाहीत. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, हे मोठेच काम झाले. एप्रिल २०२० पासून भारत-६ मानकांची वाहने आली. त्यांचा धूर कमी झाला ही चांगलीच गोष्ट, पण त्यांचे इंजिन उघडायला आता पान्याबरोबर संगणकही लागतो. वस्तू विकणाऱ्याने तिच्या दुरुस्तीची माहिती आणि सुटे भागही उपलब्ध करून द्यावेत, यासाठी २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, आणि त्याच वर्षी त्याचे संकेतस्थळही सुरू झाले. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या कामातून, २००२ मध्ये संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची सामायिक कार्यशाळा उभी राहिली. म्हणजे वाटा बंद झालेल्या नाहीत. पण हक्क मागताना त्याच्या जोडीचे कर्तव्यही आठवावे : ज्याला वस्तू उघडण्याचा हक्क हवा, त्याने तिच्याकडे पाहण्याचा कंटाळा करू नये.

गेल्या वर्षी चंद्रपूरहून मूलकडे जाताना आमच्या नव्या गाडीत एक दिवा लागला. माझे तरुण सहायक धर्मगुरू गाडी चालवत होते. “फादर, वायर सैल असेल,” ते म्हणाले. मी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मिस्त्री यायला दोन तास लागले. त्याने आपले यंत्र जोडले, तपासले, आणि सांगितले, की वायरच सैल झाली होती. आम्हांला पोहोचायला अर्धा दिवस उशीर झाला. सहायकांनी मला काही म्हटले नाही. मीही त्यांना काही समजावून सांगितले नाही. रात्री त्यांच्या हाती मी ती जुनी वही दिली. तिच्या पहिल्या पानावर जुलै महिन्यातील एक तारीख आहे आणि तिच्यापुढची जागा कोरी आहे.